जुनी जपानी स्ट्रॅट-कॉपी: मधला पिकअप मुका, वरच्या फ्रेट्सवर झणझण. सुरुवात कुठून करू?

मध्यमग्राम

नमस्कार मंडळी. ऐंशीच्या दशकातली एक जपानी स्ट्रॅट-कॉपी (फेंडर स्ट्रॅटोकास्टरची नक्कल असलेली इलेक्ट्रिक गिटार) हाती आली आहे. कोकणात कपाटावर केसशिवाय पडून होती, त्यामुळे सगळ्या लोखंडी भागांवर पावसाळ्याचा मार दिसतो. मोडतोड मात्र काही नाही. स्केल ६४८ मिमी, २१ फ्रेट्स (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या), मेपलचा नेक, वर रोझवुडचा फ्रेटबोर्ड, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारी चुंबकावरची गुंडाळी), पाच-वे स्विच, सहा स्क्रूचा ट्रेमोलो (दांड्याने हलणारा ब्रिज). ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, त्याचा बाक नीट करणाऱ्या सळईचा) नट नेकच्या टाचेकडे आहे, हेडस्टॉकला भोक नाही.

तक्रारी अशा: मधला पिकअप वाजतच नाही. व्हॉल्यूम फिरवला की खरखर. बाराव्या फ्रेटच्या पुढे जी आणि बी तारांवर झणझण होते, आणि तिथे बेंड केला (तार बाजूला ढकलली) की सूर मध्येच मरतो. ट्रेमोलो एकदा दाबला की ट्यूनिंग गेलंच. हम (विजेची गुणगुण) भरपूर आहे, तारांना हात लावला की कमी होतो.

पिकगार्ड (पिकअप बसवलेली वरची पट्टी) जरा उचलून पाहिलं तर बॉडी प्लायची आहे, राउटिंगच्या (कोरलेल्या पोकळीच्या) कडेला थर स्पष्ट दिसतात. मल्टिमीटर आणि २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न घरी आहे. तयार वायरिंगचा अख्खा पिकगार्ड ऑनलाइन मिळतो, तोच टाकू का? शिवाय जुन्या दाराचं सागवान पडून आहे, त्यातून नवी बॉडी करावी असंही डोक्यात आहे. सल्ला द्या.

ओहमकार

पिकगार्ड मागवू नका, निदान आत्ता तरी. जुन्या जपानी बॉडीवरची स्क्रूची भोकं आजच्या पिकगार्डशी जुळतीलच असं नाही, आणि स्वस्तातल्या तयार संचात पिकअप असतात ते बहुधा लोखंडी पोल आणि खाली सिरॅमिक पट्टी असलेले. तुमच्याकडे आहेत ते त्याहून बरे निघण्याची शक्यता आहे.

काहीही न उघडता आधी मोजमाप करा. गिटारला केबल लावा, ॲम्पला लावू नका. व्हॉल्यूम पूर्ण उघडा. मीटर २० किलोओमच्या रेंजवर ठेवून एक प्रोब केबलच्या मोकळ्या टोकाच्या टिपला आणि दुसरा स्लीव्हला लावा. स्विचच्या पाचही जागांचं रीडिंग कागदावर उतरवा. मीटर रेंजबाहेर गेला तर रेंज वाढवा, ते रीडिंग सोडून देऊ नका, कारण निदान त्यातच आहे.

चांगली सिंगल कॉइल ५.५ ते ७ किलोओम दाखवते. व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा बदलता रोधक) समांतर असल्यामुळे आकडा किंचित कमी येतो, ते ठीक. दोन आणि चार नंबरच्या जागी दोन पिकअप समांतर असतात, तिथे निम्मं म्हणजे ३ च्या आसपास यायला हवं. मधल्या जागी २५० किलोओमच्या आसपास आलं तर तो नुसता पॉट वाचला जातोय आणि कॉइल कुठेतरी तुटली आहे. शून्याजवळ आलं तर शॉर्ट. रीडिंग नाचत असेल तर स्विचच्या आतल्या संपर्काच्या पट्ट्या काळ्या पडल्या आहेत.

खरखरीसाठी कॉन्टॅक्ट क्लीनर. पॉटच्या पायांजवळ जी फट असते तिथून एक छोटा फवारा आणि दांडा दोन्ही टोकांपर्यंत वीस-तीस वेळा फिरवायचा. गंजलेले नटबोल्ट सोडवायचा स्प्रे इथे मारू नका. तो आतलं ग्रीस धुऊन नेतो, पॉट सैल होतो आणि मागे राहिलेल्या तेलावर धूळ बसते. तरीही खरखर राहिली तर पॉट बदला: २५० किलोओम, ऑडिओ टेपर, म्हणजे वर ए२५०के छापलेला. बी लिहिलेला लिनियर असतो, त्याने व्हॉल्यूम शेवटच्या टप्प्यात एकदम पडतो. घेण्याआधी दांडा नीट पाहा. जपानी पॉटचा खाचांचा दांडा आणि अमेरिकन दांडा यांचे नॉब एकमेकांना नीट बसत नाहीत.

२५ वॅटचं आयर्न पॉटच्या पायांना पुरतं, पाठीला पुरत नाही. पाठीवर ग्राउंड लावताना मिनिटभर तापवत बसलात तर आतला कार्बन ट्रॅक भाजतो. ४० ते ६० वॅट, रुंद टोकाचा बिट, पाठ आधी पॉलिश पेपरने घासलेली, मग दोन-तीन सेकंदांत काम होतं. सोल्डर ६०/४०, ०.८ मिमी, रोझिन कोअर. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली, दोन्हीकडे सहज मिळेल.

फ्रेटवाला_ठाणे

इलेक्ट्रिकचं वर आलंच आहे, मी लाकूड आणि फ्रेट्सबद्दल बोलतो. सॅडल्सना (ब्रिजवर तारा टेकतात त्या तुकड्यांना) हात लावू नका, झणझण म्हटलं की सगळे आधी तेच वर करतात. क्रम असा: तारांचा गेज (जाडी) ठरवा, मग ट्रस रॉड, मग नट (हेडस्टॉकजवळची, तारा बसतात ती खाचांची पट्टी), मग सॅडलची उंची, मग पिकअपची उंची, शेवटी इंटोनेशन (सॅडल मागेपुढे करून वरच्या फ्रेट्सचा सूर जुळवणं). प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचं माप बदलते, म्हणून उलट गेलात तर सगळं पुन्हा करावं लागतं.

गेज आधी का? ९-४२ चा संच सुरात लावला की सहा तारांचा मिळून ओढ साधारण ३८ किलो होतो, १०-४६ चा ४६ च्या आसपास. नेक आणि ट्रेमोलोच्या स्प्रिंगा दोघांनाही हा फरक लगेच कळतो.

रिलीफ (नेकचा हलका बाक) मोजायला फीलर गेज लागेल. दुचाकीच्या टॅपेट सेटिंगला वापरतात तोच, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. गिटार सुरात असताना जाडी ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा (पहिल्यावर कॅपो लावला की एक हात मोकळा होतो) आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट पाहा. ०.२५ ते ०.३ मिमी हवी. त्याहून बरीच जास्त असेल तर नेक पुढे झुकलाय. अशा नेकवर कोणीतरी ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) कमी करायला सॅडल्स खाली घेतलेली असतात आणि झणझण नेमकी वरच्या फ्रेट्सवर येते.

ट्रस रॉडचा नट टाचेकडे असल्यामुळे नेक सोडवावा लागेल. तारा पूर्ण ढिल्या करा, चार स्क्रू काढा, नेक बाहेर घ्या. नटच्या खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या. लहान घेतलात तर खाच कुरतडली जाते आणि मग तो नट काढणं महाकठीण. घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, जास्त नाही. पुन्हा जोडा, सुरात लावा, मोजा. रात्रभर ठेवून परत मोजा, लाकूड सावकाश बसतं. नट हलतच नसेल तर जोर लावू नका. एक थेंब मशीन तेल टाकून थांबा आणि फिरवताना नेक हाताने हलका मागे वाकवून धरा म्हणजे रॉडवरचा भार कमी होतो.

बेंड मरतो ते वेगळं प्रकरण आहे, त्याचा झणझणीशी संबंध असेलच असं नाही. या काळातल्या कॉप्यांचा फ्रेटबोर्ड बहुधा ७.२५ इंच रेडियसचा, म्हणजे चांगला गोलसर असतो. जी किंवा बी तार वर ढकलली की ती गोलाईच्या माथ्याकडे जाते आणि पुढच्या फ्रेटला टेकते. फ्रेट्स अगदी सारख्या असल्या तरी हे होतं. यावर उपाय म्हणजे ॲक्शन थोडी वर, १७ व्या फ्रेटवर १.८ ते २ मिमी. ज्यांना याहून खाली आणि मोठे बेंड दोन्ही हवेत त्यांनी दुसरा नेक शोधावा.

बंड्या_बेस

हम आणि करंट दोन्हींवर सोपा उपाय: ट्रेमोलोच्या क्लॉला (स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीला) जी ग्राउंडची वायर जाते ती कापून टाका. तारांना हात लागला तरी शॉक नाही.

गुंजारव

बंड्याशेठ, हा सल्ला कृपया कोणी पाळू नये. ती वायर कापली की हम वाढेल, कारण तारांमार्फत वाजवणाऱ्याचं शरीरच ग्राउंडला जोडलेलं असतं आणि खोलीतला गोंगाट ते थोपवतं. हात लावल्यावर हम कमी होतो म्हणजे ग्राउंड बरोबर आहे. हात लावल्यावर वाढला असता तर जॅकवर हॉट आणि ग्राउंड उलटे लागलेत असं समजायचं.

तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष गिटारमध्ये नाही, भिंतीत आहे. तीन पिनांचा ॲम्प दोन पिनांच्या ॲडॉप्टरवर चालवणं, किंवा सॉकेटमध्ये अर्थिंगची वायरच जोडलेली नसणं, जुन्या घरांत दोन्ही सर्रास आढळतं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. ते होईपर्यंत तो ॲम्प लावूच नका, मायक्रोफोनजवळ तर मुळीच नको.

आता हम. सिंगल कॉइल म्हणजे अँटेनाच, भारतात ५० हर्ट्झचा मेन्स आणि त्याच्या पटीतल्या लहरी ती पकडणारच. तांब्याची टेप लावून कॅव्हिटी आणि पिकगार्डची पाठ झाकली तर ट्यूबलाइट, डिमर, चार्जर यांची भणभण बरीच जाते. ट्रान्सफॉर्मरचा घुमणारा हम चुंबकीय असतो, तो तांब्याने अडत नाही. टेप घेताना चिकट बाजूही वीजवाहक आहे ना ते पाहा, नसेल तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा एक ठिपका द्या. शेवटी मीटरने कोपऱ्यातून कोपऱ्यात कंटिन्युइटी तपासा, १ ओमच्या आत हवी. स्विचच्या पायांना टेप टेकणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर पिकगार्ड लावल्यावर एखाद्या जागी आवाज बंद होतो आणि शोधता शोधता संध्याकाळ जाते.

मध्यमग्राम

सगळ्यांचे आभार. रीडिंग घेतली. ब्रिज ५.९, ब्रिज अधिक मधला ५.९, मधला २४१, मधला अधिक नेक ५.७, नेक ५.७, सगळे किलोओम. रिलीफमध्ये ०.५ मिमीची पाती आरामात जाते. अर्थिंग तपासून घेतलं, सॉकेटमध्ये वायर होती पण ढिली. आता मधल्या पिकअपचं काय करू? आणि बॉडीबद्दल कोणीच बोललं नाही.

ओहमकार

छान, निदान झालं. दोन नंबरच्या जागी निम्मं होण्याऐवजी ५.९ तसंच राहिलं, म्हणजे मधला परिपथात नाहीच. त्याच्या दोन वायरी स्विच आणि पॉटपासून सोडवून थेट पिकअपच्या टोकांवर मोजा. तिथे ठीक आलं तर वायरच तुटली होती, विषय संपला.

तिथेही अनंत दाखवलं तर भिंग घ्या. कॉइलची तार ४२ गेजची, इनॅमलसकट जेमतेम ०.०६ ते ०.०७ मिमी, आणि अशा कॉइलवर आठ हजारांच्या आसपास फेरे असतात. दमट हवेत ती सर्वांत आधी कुजते ती खालच्या पट्टीवरच्या दोन आयलेटपाशी (धातूच्या कड्यांपाशी), कारण तिथलं इनॅमल सोल्डरच्या उष्णतेने गेलेलं असतं आणि फ्लक्सचा अंश राहिलेला असतो. हिरवट ठिपका दिसला तर जागा सापडली. बाहेरचं टोक तुटलं असेल तर नशीब चांगलं: सुईने शेवटचा एक फेरा अलगद सोडवा, टोकाचं पाच मिमी इनॅमल २००० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन बोटांत धरून काढा, आयलेटमध्ये दोन वेढे, नवं सोल्डर, वर मेणाचा थेंब. एक फेरा कमी झाल्याने आवाजात काहीही फरक पडत नाही. आतलं, म्हणजे चुंबकाला चिकटून निघणारं टोक आयलेटजवळ तुटलं असेल आणि एखादा मिमी बाहेर असेल तरच जोडता येतं. आत खोल तुटलं असेल तर रिवाइंड, म्हणजे कॉइल नव्याने गुंडाळणं.

एक ताकीद. गोल चुंबक दिसत असतील तर ते दाबून मागेपुढे सरकवू नका. जुन्या पद्धतीच्या बॉबिनमध्ये तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते, चुंबक हलला की आतला पहिलाच फेरा तुटतो.

गुंजारव

रिवाइंडच करायची वेळ आली तर त्यातच हम कमी करून घ्या. होकायंत्र तिन्ही पिकअपवर धरा. तिन्हींचा ध्रुव एकच असेल तर मधला उलटा करून घ्यायचा: चुंबक उलटे आणि गुंडाळणीही उलटी. मग दोन आणि चार नंबरच्या जागी हम कटतो. दोन्ही उलटं हवं, एकच उलटं केलंत तर त्या जागांवर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा होतो, त्यालाच आउट ऑफ फेज म्हणतात. खाली सिरॅमिक पट्टी असलेला पिकअप असेल तर रिवाइंडचीही गरज नाही. पट्टी सोडवून पालथी चिकटवायची आणि दोन वायरींची अदलाबदल करायची, दहा मिनिटांचं काम.

फ्रेटवालांचा रिलीफ लावून झाला की पिकअपची उंची विसरू नका. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून जाड्या बाजूला २ मिमी आणि बारीक बाजूला १.६ मिमी अंतर ठेवा. त्याहून जवळ आणलंत तर चुंबक तार ओढतो, वरच्या फ्रेट्सवर सूर डगमगतो, आणि लोक इंटोनेशन लावून लावून थकतात.

सागवान

बॉडीबद्दल मी सांगतो. प्लाय म्हणून टाकून देऊ नका. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी जपानी कॉप्या प्लायच्याच आहेत आणि चांगल्या वाजतात. वरचं पॉलिएस्टर घासून नवा रंग द्यायचा मोह तर अजिबात नको. जुन्या गिटारची किंमत मूळ रंगासकट असते, आणि प्लायची कड घासली की थर उघडे पडतात. ओलसर फडक्याने पुसा, मग गाड्यांच्या रंगाला वापरतात ते बारीक रबिंग कंपाउंड, बस.

सागवानी बॉडी जरूर करा, पण वेगळी गिटार म्हणून. स्ट्रॅटच्या आकाराची आल्डरची बॉडी १.८ ते २ किलो भरते. साग घट्ट लाकूड, त्याच मापाला २.६-२.८ किलो होईल, आणि नेक-हार्डवेअर धरून गिटार साडेचार किलोच्या घरात जाईल. उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला ते कळतं. पिकगार्डखाली पोकळ्या करून पाव-अर्धा किलो कमी करता येतं, पण ब्रिजखालचं आणि नेक पॉकेटखालचं लाकूड भरीवच ठेवा.

माप: जाडी ४४.५ मिमी, ब्लँक ३५० × ४८० मिमी. दाराच्या फळ्या बहुधा इंचभर जाड असतात, म्हणजे दोन थर चिकटवावे लागतील. चौकटीचं लाकूड मिळालं तर अधिक चांगलं. रंध्याला देण्याआधी मोठं चुंबक फिरवून खिळे शोधा, एक तुटका खिळा आणि राउटरचा बिट गेला. सागाच्या अंगात तेल असतं, म्हणून चिकटवायच्या दोन्ही बाजू ताज्या रंधून, ॲसिटोनने पुसून, वाळल्याबरोबर गोंद लावा. आदल्या दिवशी रंधून ठेवलेल्या फळीवर तेल पुन्हा वर आलेलं असतं आणि सांधा महिन्याभराने उघडतो. पॉलिश करतानाही तेच, नाहीतर लॅकर दिवसेंदिवस चिकट राहतो. सागात सिलिकाही असतं, बिट लवकर बोथट होतात, तेव्हा कार्बाइडचेच घ्या.

नेक पॉकेट १६ मिमी खोल, ५६ मिमी रुंद, पण तुमच्या नेकची टाच कॅलिपरने मोजून १२ मिमी एमडीएफचं टेम्प्लेट करा आणि बेअरिंगच्या बिटने एका वेळी ४-५ मिमीच खोल जा. पॉकेट आधी, ब्रिजची जागा नंतर. नेक बसवून मध्यरेषा काढायची आणि मग नटच्या आतल्या कडेपासून ६४८ मिमीवर बारीक ई चं सॅडल येईल असा ब्रिज ठेवायचा, सॅडल त्याच्या धावेच्या पुढच्या टोकाजवळ असताना. जाड्या तारांना लांबी जास्त लागते, त्यांना मागे सरकायला जागा राहिली पाहिजे.

जाता जाता: तुमचा फ्रेटबोर्ड इंडियन रोझवुडचा असेल तर ते आपल्याकडचं शिसव, डालबर्जिया लॅटिफोलिया. ब्राझिलियन रोझवुड १९९२ मध्ये साइटीसच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात गेलं, तेव्हापासून जगभरच्या कारखान्यांची भिस्त यावर आणखी वाढली. कोरडा दिसत असेल तर जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब चोळून दहा मिनिटांनी पूर्ण पुसा. ते फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि कापड आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळवून टाका.

मध्यमग्राम

पिकअपचं बाहेरचं टोकच तुटलं होतं, जोडलं, ५.८ आलं. ट्रस रॉडने रिलीफ ०.२५ वर आला. झणझण बरीच गेली, पण जी तारेवर १४ व्या फ्रेटला अजून आहे. ट्रेमोलोचं ट्यूनिंगही तसंच. ब्रिजच बदलू का?

फ्रेटवाला_ठाणे

१५ वी उचललेली असणार. तीन फ्रेट्सवर बसेल एवढी सरळ धारेची पट्टी १४-१५-१६ वर ठेवा, डुगडुगली तर मधली उंच. आधी त्या फ्रेटच्या टोकावर लाकडी ठोकळ्याने दाबून पाहा. दाबल्यावर खाली जाऊन परत वर येत असेल तर खाचेत पातळ सुपरग्लूचा थेंब सोडा, ठोकळा क्लॅम्पने दाबून अर्धा तास ठेवा. बाजूला आधी मेण किंवा मास्किंग टेप लावा, नाहीतर गोंद शिसवीवर डाग पाडतो. ती हलतच नसेल तर माथ्यावर मार्कर फिरवून फक्त तेवढीच कानसेने उतरवा, पुन्हा गोल करा, मग ६०० ते २००० पर्यंत पेपर. शेवटी स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप आधी टेपने झाका, लोखंडाचा कीस चुंबकावर बसला की निघता निघत नाही.

ट्यूनिंगसाठी ब्रिज बदलायची घाई नको. तार पिळताना नटपाशी 'टिंग' असा आवाज येतो का ऐका. येत असेल तर तार खाचेत अडकते. जुन्या ई तारेचा तुकडा खाचेतून मागेपुढे फिरवा, मग शिसपेन्सिलचं ग्रॅफाइट भरा. नंतर सहा स्क्रू पाहा. सगळे घट्ट आवळलेले असतील तर प्लेट अडते. टोकाचे दोन प्लेटला जेमतेम टेकलेले, मधले चार त्याहून अर्धा फेरा वर. स्प्रिंगा तीन पुरतात. सूर लावून क्लॉचे दोन स्क्रू असे फिरवा की प्लेटची मागची कड बॉडीपासून ३ मिमी वर राहील.

स्क्रू प्लायमध्ये फिरत असतील तर काडेपेटीच्या काड्या कोंबू नका. ६ मिमीचं भोक पाडून सागाचा डॉवेल गोंदाने बसवा, एक दिवस जाऊ द्या, मग २.८ मिमीचं पायलट होल. आणि पुढेमागे ब्रिज घ्यायचाच झाला तर टोकाच्या दोन स्क्रूंच्या केंद्रांतलं अंतर मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. ५६ मिमी आणि ५२.५ मिमी असे दोन प्रकार बाजारात सर्रास मिसळून विकले जातात आणि एकाच्या भोकांवर दुसरा बसत नाही.

ओहमकार

दोन आणि चार नंबरला आवाज भरीव येतोय ना तेवढं तपासा. वायरी जोडताना उलट लागल्या असतील तर तिथे लगेच पातळ होईल.